दाखल्यावरची चार वर्षं

एका मुलीचं वय मी चार वर्षांनी वाढवून दिलं होतं. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही हातावर ठेवलं नव्हतं. सरपंचांनी बोलावलं, मी गेलो, आणि ते म्हणाले म्हणून लिहून दिलं. आज हे लिहितानाही स्वतःच्या अक्षराची शिसारी येते. पण ती मुलगी, तिची आई आणि आमच्या शाळेच्या भिंतीला लागून अंगणवाडी चालवणाऱ्या बाई, या तिघींनी पुढं जे केलं ते सांगायचं तर सुरुवात माझ्या सहीपासूनच करावी लागते.

राजूरहून हसनाबादच्या अंगाला जाताना डांबरी रस्ता सोडून आत गेलं की ते गाव लागायचं. जालना वेगळा जिल्हा होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा मी तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेवर मुख्याध्यापक म्हणून बदलून गेलो. सरपंच माझ्या बायकोच्या लांबच्या नात्यातले निघाले. त्यामुळं राहायला चांगली खोली मिळाली, घरपोच ज्वारी मिळाली, पारावर बसायला जागा मिळाली. गावातल्या मोठ्या घरांशी आपलं जमतं याचं मला सुख वाटायचं. ते सुख कसलं होतं हे कळायला वेळ लागला.

ती मुलगी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. तिथली माणसं पूर्वी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायची. आता थोडी कोरडवाहू जमीन, थोडी मेंढरं आणि बाकी दुसऱ्याच्या रानातली मजुरी. बाप पान लागून, म्हणजे साप चावून गेलेला. आई कापूस वेचायला जायची, खुरपायला जायची. मुलगी सातवीच्या वर्गात पुढच्या रांगेत बसायची. हुशार होती असं नाही, पण लिहायची हौस फार. तिचा ‘ळ’ मी शेवटपर्यंत सुधारू शकलो नाही. दोन गोळे दोन बाजूंना सुटे आणि मधे एक काडी. मी तांबड्या शाईनं गोल करायचो, ती हसायची आणि पुन्हा तसाच काढायची.

सातवीचा निकाल लागला आणि चार दिवसांनी सरपंचांचं बोलावणं आलं. ओसरीवर एक बाई बसली होती. पन्नाशीची, अंगानं भरलेली, बोलायला गोड. जालन्याहून आलेली. सगळे तिला मावशी म्हणत होते. येताना गावातल्या पोरांना गोळ्या वाटत आली होती म्हणे. ओढ्यापलीकडच्या मुलीसाठी तिनं गुजरातकडचं स्थळ आणलं होतं. हुंडा नाही, लग्नाचा सगळा खर्च मुलाकडचा.

“पर लोक लई कायद्याचे हायेत गुर्जी,” मावशी म्हणाली. “पोरगी अठराची पायजे म्हन्ते. शाळेचा कागद मागून राह्यले.”

मी म्हणालो, “रजिस्टरला ती चौदाची आहे.”

सरपंच हसले. “रजिस्टर कोन बगायला चाललंय? अन् आपल्या गावात चौदाच्या पोरी उजवल्या न्हाईत का? तुमीच जेवून आल्ते की मागच्या लग्नात. गरिबाची पोर हाये, बापाविना. द्या लिहून.”

ते खरं होतं. मी जेवून आलो होतो. मी शाळेत गेलो, दाखल्याचं पुस्तक काढलं आणि जन्मतारखेत वर्ष बदललं. आधी अंकी, मग अक्षरी. रजिस्टरला मात्र हात लावला नाही; तिथं खाडाखोड दिसली तर तपासणीत अडकलो असतो. म्हणजे आपण काय करतोय हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्न मारुतीसमोर लागलं. नवरदेव तिशी ओलांडलेला. त्याच्याबरोबर दोन पुरुष आले होते, बाई एकही नव्हती. वऱ्हाडात एकही बाई नाही ही गोष्ट आंधळ्यालाही दिसली असती. मी पुढच्या ओळीत उभा राहून अक्षता टाकल्या आणि पंगतीत बुंदीचे दोन लाडू खाल्ले. जाताना मुलगी पाया पडायला आली. पिवळ्या साडीत ती आणखीच बारकी दिसत होती.

“गुर्जी, तिकडं आठवीची शाळा हाये म्हन्ते मावशी. मला तुमचा दाखला लागंल ना?”

“मावशींकडे दिलाय,” मी म्हणालो.

ती खूश होऊन जीपमध्ये बसली.

पुढं चार-पाच महिने काही कळलं नाही. मग दिवाळीच्या आधी तिची आई एक पत्र घेऊन शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं. मी पत्र उघडलं. ‘मी इकडे सुखात आहे, माझी काळजी करू नये, सगळे लोक चांगले आहेत.’ काळजीतला ‘ळ’ आणि सगळेतला ‘ळ’, दोन्ही वळणदार, छापल्यासारखे. अक्षर तिचं नव्हतं. पत्रावर पत्ता नव्हता, शिक्का पुण्याचा होता.

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. “काय लिव्हलंय गुर्जी?”

मी तिला पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. अक्षराबद्दल बोललो नाही, शिक्क्याबद्दल बोललो नाही. तिनं पत्र पदरात बांधलं, मला हात जोडले आणि कपाशीत निघून गेली. दाखल्यापेक्षाही मला या गोष्टीची जास्त किळस वाटते. दाखला देताना मी पुढचा विचार केला नव्हता असं म्हणता तरी येईल. पत्र वाचताना मला सगळं कळलं होतं.

दुसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर एक हवालदार सायकलवर शाळेत आला. पुण्याच्या पोलिसांचं पत्र होतं. तिथल्या एका कुंटणखान्यावर धाड पडली होती, सहा-सात मुली सापडल्या होत्या आणि त्यात आमच्या गावची एक होती. तिला सरकारी वसतिगृहात ठेवलं होतं. तिची मामी असल्याचं सांगणारी एक बाई वकील घेऊन कोर्टात आली होती. मुलगी सज्ञान आहे, माझ्या ताब्यात द्या, असं तिचं म्हणणं. पुरावा म्हणून माझ्या सहीचा दाखला. वसतिगृहात जाणाऱ्या एका कार्यकर्तीनं मात्र हट्ट धरला होता की ही पोर सोळाचीसुद्धा नाही, शाळेत विचारा. म्हणून ते पत्र. प्रश्न एकच होता: सदर दाखला आपल्या शाळेचा व बरोबर आहे काय?

हवालदार खुर्चीत रेलून बसला. “लिवा बराबर हाये म्हनून, अन् मोकळं व्हा गुर्जी. नसता लफडं तुमच्याच गळ्यात यील. तसल्या पोरी काय सुधरत्यात व्हय?”

तो दात कोरत बोलत होता. मला त्याची किळस आली, आणि मी कागद पुढं ओढला. ‘सदर दाखला या शाळेतून देण्यात आला असून तो बरोबर आहे,’ असं लिहिलं. सही केली. शिक्का तेवढा मारायचा राहिला होता, कारण शाईची गादी वाळली होती. मी गादीवर पाणी टाकलं आणि हवालदाराला म्हणालो, “तासाभरानं या.” तो पारावर गेला.

तो गेला आणि अंगणवाडीच्या बाई आत आल्या. मधली भिंत वरून उघडी होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. चाळिशीच्या, नवऱ्यानं टाकलेल्या, गावात कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. आजवर त्यांनी माझ्याकडं खडू मागितला असेल तेवढाच.

“गुरुजी, रजिस्टर काढा,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“काढा तर. मला वाचता येतं.”

मी काढलं. त्यांनी बोट ठेवून नाव शोधलं, तारीख वाचली आणि टेबलावरचं माझं उत्तर वाचलं. मग एवढंच म्हणाल्या, “ह्या पोरीचं पहिलं न्हाण माझ्या अंगणवाडीत आलं. लग्नाच्या आदल्या महिन्यात. पोट दुखतंय म्हणून रडत आल्ती. तिला वाटलं आपण मरतोय. मीच तिला कापड दिलं.” त्यांनी माझं उत्तर उचललं आणि माझ्यासमोर चार तुकडे केले. “आता दुसरं लिवा. न्हाई तर मी तिच्या आईला इथं आणते आणि हे सगळं तिला तुमच्या तोंडून ऐकवते.”

मी घाबरलो. मला पश्चात्ताप वगैरे झाला असं लिहायला आवडलं असतं, पण त्या क्षणी मी फक्त घाबरलो. मी लिहिलं की रजिस्टरनुसार मुलीचं वय पंधरा वर्षं आहे आणि दाखल्यातली तारीख चुकीची आहे. हवालदारानं ते वाचलं, माझ्याकडं बघून मान हलवली आणि सायकल काढली.

बाईंचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. “कागद वाटेतच हारपला तर? रजिस्टर घेऊन आपणच जायचं,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ओढा ओलांडून वस्तीवर गेलो. तिची आई मेंढराला पाला टाकत होती. बाईंनीच सांगितलं. आईला आधी समजलंच नाही. तिला वाटलं मुलगी पुण्याला नोकरीला आहे. मग समजलं, तेव्हा ती ओरडली नाही. तिनं अंगणातली माती मुठीत घेतली आणि तोंडात कोंबली. बाईंनी तिच्या तोंडात बोटं घालून ती काढली.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघं पुण्याला गेलो. रजिस्टर धोतराच्या फडक्यात बांधून मी मांडीवर धरलं होतं. परवानगीशिवाय शाळेबाहेर नेलेलं. सोमवारी कोर्टात उभं राहिलो. मामी म्हणवणारी बाई बाकावर बसली होती, हातात हिरव्या बांगड्यांचा नवा डझन, पोरीला भरायला आणलेला. वकिलानं माझा दाखला दोन बोटांत धरून विचारलं, “ही सही तुमची?”

“माझी.”

“मग खोटं कोण बोलतंय? दाखला की रजिस्टर?”

“दाखला खोटा आहे. मी खोटा लिहून दिला.”

“कशासाठी?”

कुणी सांगितलं म्हणून, एवढंच होतं, आणि ते तिथं उभं राहून बोलायची लाज वाटली. मागं कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटनी रजिस्टर बघितलं, मुलीची डॉक्टरी तपासणी करायला सांगितली आणि तोवर तिला कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही असा हुकूम दिला. मामी बांगड्या पिशवीत टाकून उठली आणि जाता जाता माझ्या पायाजवळ थुंकली.

त्या दिवशी दुपारी वसतिगृहात आईला मुलीला भेटू दिलं. मी दाराशी उभा राहिलो. ती आली. केस कापलेले, गालावर जुना डाग, मनगटं तितकीच बारकी. आईनं तिला असं धरलं की बराच वेळ दोघींतलं कोण रडतंय ते कळेना. मग तिला मी दिसलो. ती जवळ आली.

“गुर्जी, तुमाला म्हाईत व्हतं का?”

“वय माहीत होतं,” मी म्हणालो. “बाकीचं मी विचारलं नाही.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. चिखलात पाय पडल्यावर आपण चपलेकडं जसं बघतो तसं ती बघत होती. मग आईकडं वळली.

तपासणीतही वय पंधराच्या आसपासच निघालं. सहा-सात महिन्यांनी आईच्या अर्जावर तिला घरी सोडलं. त्या सहा महिन्यांत अंगणवाडीच्या बाई चार वेळा पुण्याला गेल्या, प्रत्येक वेळी गाडीभाडं स्वतःचं. मला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी खात्यात चौकशी लागली होती. गुन्हा नोंदवतील असं वाटत होतं, तो नोंदला गेला नाही. कुणीतरी वर शब्द टाकला असावा. सरपंचच असतील, मी तोंड उघडलं असतं तर दाखल्याची गोष्ट त्यांच्या ओसरीपर्यंत गेली असती. मी तोंड उघडलं नाही. दोन वेतनवाढी रोखण्यावर भागलं आणि मी सुटकेचा निश्वास टाकला.

मुलगी गावात आली त्या आठवड्यात मी माणसं बघितली. हापशावर तिनं घागर लावली की बाकीच्या बायका आपल्या घागरी ओढून बाजूला घ्यायच्या. ती गेल्यावर दांडा धुवायच्या. एक जण तर राखेनं घासायची आणि मोठ्यानं म्हणायची, “आमच्या बी घरात पोरी हायेत बया.” रात्रंदिवस शेतात राबणाऱ्या, स्वतः तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या बायका. पुरुषांचं तर विचारू नका. एरवी ओढ्यापलीकडं न फिरकणारी माणसं मेंढरू विकत घ्यायचं निमित्त काढून तिच्या अंगणात जाऊन बसायची. त्यातले दोघं शाळा समितीचे सभासद होते.

मी तिला शाळेत परत घ्यायचं ठरवलं. सातवी झालेली होती, पण हसनाबादला आठवीला पाठवण्याआधी थोडे दिवस वर्गात बसू द्यावं, सवय होईल, असा विचार. समितीची बैठक बसली. सरपंच म्हणाले, “गुर्जी, तिच्याबद्दल आमाला बी वाईट वाटतं. पर बाकीच्या पोरींचं वातावरण बिघडंल. तिनं काय काय बघितलं असंल, ते वर्गात सांगत बसली मंग?”

हा माणूस, ज्याच्या ओसरीवर ती विकली गेली. त्याच्या शेजारी तेच दोघं माना डोलावत होते. मी उठून मागच्या दारानं बाहेर गेलो. परत आलो तर ठराव झाला होता. मी त्यावर सही केली. होय, त्यावरही.

बाईंनी तो ठराव जुमानला नाही. त्यांनी मुलीला अंगणवाडीत घेतलं, मदतनीस म्हणून. पगार नव्हता, जागा मंजूर नव्हती. आपल्या मानधनातून त्या काही द्यायच्या. पहिल्या दिवशी मुलीनं पोरांच्या आहाराची सुकडी शिजवली, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि वाट बघत बसली. एकही पोर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. जवळजवळ तीन आठवडे ती रोज शिजवायची, रोज पातेलं भरलेलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून बाई आणि तिची आई ते घेऊन वस्तीवर जायच्या. गावातली पोरं कुडाच्या फटीतून बघायची, वास घ्यायची, आणि त्यांच्या आया त्यांना बखोटं धरून ओढून न्यायच्या. ती पोरं रोगट, पोटं पुढं आलेली. घरात खायला धड नव्हतं. आणि हे लोक सोवळं पाळत होते.

शेवटी वस्तीवरच्या बायका आपली पोरं ओढा ओलांडून घेऊन येऊ लागल्या. गावची पोरं भुकेनं त्यांच्यात मिसळली. कुणाचं मन पालटलं वगैरे काही नाही.

त्या वस्तीवरच्या बायकांना धरूनच बाईंनी पुढचं काम उभं केलं. सात-आठ जणी होत्या. मंडळ म्हणायच्या, पण पाटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. नियम एकच: परमुलखातलं स्थळ आलं, तर सुपारी फुटायच्या आधी दोन बायकांनी जाऊन मुलाचं घर बघून यायचं. चूल बघायची, सासू बघायची, शेजाऱ्यांना विचारायचं. मला बाईंनी बजावलं, “मुलीचा दाखला तुमी एकट्यानं लिवायचा न्हाई. रजिस्टर उघडं ठेवून, आईसमोर वाचून.” मी तसं करू लागलो. दाखला वाचून दाखवताना बाई दाराशी उभ्या असायच्या, आणि माझ्यावर त्यांचा बिलकुल विश्वास नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात बऱ्हाणपूरकडचं एक स्थळ आलं. मुलगी कुणाची? हापशाचा दांडा राखेनं घासणाऱ्या त्या बाईची. तीच बोली: हुंडा नको, खर्च मुलाकडचा, जल्दी उरकायचं. या वेळी मध्यस्थ वेगळा होता, एक पुरुष. अंगणवाडीच्या बाई आणि पुण्याहून परत आलेल्या आमच्या मुलीची आई एसटीनं बऱ्हाणपूरला गेल्या. दिलेल्या पत्त्यावर गेल्या तर तिथं केळीचं गोदाम. शेजाऱ्यांनी त्या नावाचा माणूस कधी ऐकलेला नव्हता. त्या परत आल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, मुलीच्या दारात मांडव पडला होता आणि नवरदेवाची जीप उभी होती.

बायका जीपच्या पुढं-मागं जाऊन बसल्या. आमची मुलगीही बसली. सरपंच धावत आले. “अरे काय चालवलंय? पाव्हन्यांची इज्जत काय राहील?”

बाई उठल्यासुद्धा नाहीत. “पाव्हन्याला घर न्हाई, सरपंच. इज्जत कुठं ठेवतो?”

मुलगी तेवढ्यात उठली, जीपजवळ गेली आणि नवरदेवाच्या शेजारी बसलेल्या माणसाकडं बघत उभी राहिली. मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्यो माझ्या बी लग्नात व्हता. जीप ह्योच चालवत व्हता.”

त्या माणसानं जीप तशीच मागं घेतली. दोन बायका बाजूला पडल्या, एकीचा हात मोडला. रस्त्याला लागलेली जीप पाठलाग करणाऱ्या लोकांनी राजूरजवळ अडवली आणि पोलिसांच्या हवाली केली. त्या माणसामुळं पुढं जालन्याची मावशीही पकडली गेली.

आणि राख घासणारी? तिची मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी मी हापशाजवळून जात होतो. आमच्या मुलीनं पाणी भरलं, निघून गेली, आणि त्या बाईनं वाकून राख उचलली. मी थांबून म्हणालो, “अहो, काल तिच्यामुळं तुमची पोर...” ती म्हणाली, “उपकार हायेत तिचे. पर पानी ते पानीच गुर्जी.” आणि दांडा घासू लागली.

खटला काही वर्षं चालला. मुलीला साक्षीला तीनदा उभं केलं. आरोपींच्या वकिलानं जे प्रश्न विचारले ते मी इथं लिहिणार नाही. विचारताना तो कागदपत्रांवर बोट फिरवत होता आणि मागच्या बाकावरची माणसं पुढं सरकून ऐकत होती. तिनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. एकदाही पाणी मागितलं नाही. जीपवाल्याला आणि त्या खोट्या नवरदेवाला शिक्षा झाली. मावशी सुटली, ती फक्त पाहुणी म्हणून आली होती, अशी साक्ष सरपंचांनी दिली. त्यावर मीही साक्ष दिली होती, ओसरीवर काय बोलणं झालं ते सगळं सांगितलं होतं. पण एकदा खोटं लिहून दिलेल्या मास्तरचं कोण ऐकणार? वकिलानं माझाच दाखला मला पुन्हा दाखवला, आणि विषय संपला.

त्यानंतर एका चतुर्थीला राजूरला दर्शनाच्या गर्दीत मला मावशी दिसली. कपाळाला गुलाल, हातात नारळ. तिनंच ओळखलं. “गुर्जी, बरे हायेत ना? पोरंबाळं?” असं म्हणून प्रसादाचा पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तो घेतला. बोटांना तूप लागलं होतं. पुढं जाऊन मी तो गटारीत टाकला आणि नळावर हात धुतले. धुताना मला हापशावरची ती बाई आठवली आणि मी हात तसेच ओले ठेवून निघालो.

माझी बदली आष्टीच्या बाजूला झाली. मुलगीही पुढं आईला घेऊन जालन्याला गेली, बियाण्याच्या कंपनीत पिशव्या भरायच्या कामाला. तिनं बाहेरून दहावी केली. हे मला बाईंच्या पत्रातून कळायचं. एकदा मी जालन्याला तिच्या खोलीवर गेलो. तिनं पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “गुर्जी, तुमी कोर्टात खरं बोलले, ते मला म्हाईत हाये. पर तुमी इथं आले की माझा दिवस खराब जातो. पुन्हा येऊ नका.” मी गेलो नाही.

दोन हजार साल उलटल्यावर आष्टीजवळच्या एका वाडीत एक मुलगी मुंबईहून परत आली. तीच कहाणी, तेच लोक, तसाच हापसा. तिनं दार लावून घेतलं होतं, चार दिवस जेवली नव्हती. तिचा मामा मला म्हणाला, “मास्तर, मेली असती तर सुटलो असतो.” मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मी बाईंना तार केली, फोन कुणाकडं नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एसटीतून उतरल्या आणि त्यांच्यामागून आमची मुलगी उतरली. पंचविशी ओलांडलेली, खांद्याला पिशवी. मला तिनं नमस्कार केला नाही. घर कुठलं, एवढं विचारलं.

मी लांबून दाखवलं. ती दारापाशी गेली, बाहेरूनच काहीतरी बोलली. दार उघडलं. ती आत गेली आणि दार पुन्हा लागलं. बाई ओट्यावर बसल्या आणि जमलेल्या बायकांना एकेक करून घरी हाकलू लागल्या. “तमाशा न्हाई इथं. चुली पेटवा जा.” दोन-तीन तास गेले. मग आतून कुणीतरी भाकरी मागितली. वाडीतल्या मुलीची आई धावत गेली.

दुपारी आमची मुलगी बाहेर आली. डोळे सुजलेले होते. सरळ माझ्याकडं आली.

“नववीत शिकत व्हती ती. शाळेत कधी घेता?”

“उद्या हायस्कुलाच्या समितीपुढं ठेवायला सांगतो,” मी म्हणालो.

“समिती?” तिनं माझ्याकडं पाहिलं. “उद्या कशाला? आजची शाळा सुटली न्हाई अजून.”

आमची शाळा सातवीपर्यंतचीच होती. नववी आष्टीच्या हायस्कुलात. मी सायकल काढली, हेडमास्तरांकडं गेलो आणि त्यांच्या टेबलापाशी खुर्चीही न घेता उभा राहिलो. ते आढेवेढे घेऊ लागले. वातावरण बिघडेल, पालक काय म्हणतील, सगळं तेच. मी हललो नाही. शेवटी ते चिडून म्हणाले, “घ्या, आणा सोमवारी.” मी परत येऊन सांगितलं. ती म्हणाली, “सोमवारी मी यीन तिला सोडायला.” कामावर सुट्टी मिळेल का, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, “मागीन.”

मग त्या दोघी चारच्या गाडीची वाट बघत थांब्यावर जाऊन बसल्या.